साहेबाच्या गावचा इतिहास

आयुष्यात मी एकाच माणसावर सूड उगवला, आणि तो इंग्लंडातल्या एका खेड्याच्या इतिहासातून उगवला. ते खेडं मी कधी पाहिलं नाही. त्या सुडापायी मला खोटं बोलावं लागलं ते एकदाच. परवा नातीनं विचारलं, "आजी, आता त्याचं वाईट वाटतं का गं?" वाटत नाही. का वाटत नाही ते तिला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं राहायचो. आई, माझ्याहून चार वर्षांनी मोठा दादा आणि मी. वडील गिरणीतच खोकून खोकून गेले होते. त्यांच्यामागे दादा साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, लागला, पण बदली म्हणून. म्हणजे रोज सकाळी गेटावर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या साच्यावर काम करायचं, नाहीतर घरी यायचं. सलग दिवस भरत आले की मध्येच काही दिवस घरी बसवायचे, कारण दिवस भरले तर माणूस कायम करावा लागला असता. सहा वर्षं दादानं अशी काढली. सातव्या वर्षी तो कायम झाला तेव्हा आईनं अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले.

मी मॅट्रिक झाले, दादरला टायपिंगच्या क्लासला गेले आणि फोर्टमध्ये, ती गिरणी चालवणाऱ्या इंग्रज कंपनीच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. बड्या साहेबाची पत्रं माझ्याकडे असायची. साहेब पंचावन्नच्या पुढचा, उंच, बोलणं हळू. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. दार उघडून धरायचा, आजारपण विचारायचा. कचेरीत सगळे म्हणायचे, माणूस सज्जन आहे. मीही म्हणायचे.

मग छप्पन सालचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणून कळलं आणि लालबाग-परळ रस्त्यावर उतरलं. दादाही उतरला. तो काही दूध आणायला चालला होता आणि चुकून सापडला, अशातला प्रकार नव्हता. तो घोषणा देत होता, पुढच्या रांगेत होता. गोळी उजव्या गुडघ्यात बसली. चाळीतल्या पोरांनी त्याला दाराच्या फळीवर घालून इस्पितळात नेला. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी पाय मांडीतून कापला.

मी दहा दिवसांनी कचेरीत गेले. टेबलावर टाइप करायला चौदा नावांची एक यादी ठेवलेली होती. परवानगीवाचून गैरहजर राहिलेल्या कामगारांची नावं पटावरून कमी केल्याची पत्रं काढायची होती. नववं नाव दादाचं होतं. खाली आमच्या चाळीचा पत्ता, खोलीचा नंबर.

यादी घेऊन मी साहेबाच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, हा नववा माणूस माझा भाऊ आहे. तो गैरहजर नाही, इस्पितळात आहे. त्याचा पाय कापलाय."

साहेबानं चष्मा काढला. यादी हातात घेतली, नाव वाचलं. मला वाटलं, आता तो पेन उचलून ते नाव खोडेल.

"फार वाईट झालं," तो म्हणाला. "मग पत्ता बरोबर आहे की नाही, ते तुम्हांलाच ठाऊक असेल. तेवढा तपासून घ्या."

आणि यादी परत दिली.

मी ते पत्र टाइप केलं. पत्ता बरोबर होता. संध्याकाळपर्यंत चौदाही पत्रं सहीला ठेवली. माझ्या हातून एक अक्षर चुकलं नाही.

घरी आल्यावर आई म्हणाली, "तू तेची नोकरी सोड. त्या मेल्याचा अन्न नको आमका."

दादा पडल्या पडल्या म्हणाला, "सोडून खातलात काय? रवांदे तिका."

मी राहिले. घर माझ्या एकटीच्या पगारावर होतं, हे एक कारण. दुसरं कुणाला बोलले नाही. मला त्या माणसाच्या जवळ राहायचं होतं. त्याचं काय दुखतं हे कळेपर्यंत मी तिथून हलणार नव्हते.

ते कळायला दीड वर्ष लागलं. साहेब निवृत्त होऊन मायदेशी परतायच्या बेतात होता. एका शनिवारी, अर्ध्या दिवसाची सुट्टी झाल्यावर, त्यानं मला थांबवून घेतलं आणि दोरीनं बांधलेलं एक जाडजूड बाड समोर ठेवलं. "हे कंपनीचं काम नाही," तो जरा लाजून म्हणाला. "माझ्या गावचा इतिहास लिहितोय. तुमच्याइतकं बिनचूक टाइप कुणी करत नाही."

त्याचं गाव म्हणजे एक पॅरिश. एका चर्चच्या हद्दीत जेवढी वस्ती, शेतं, ओढे येतात तेवढी पॅरिश. आपल्याकडे गावकी असते तसंच पुष्कळसं. चर्चचे पंच असतात, त्यांचे मान असतात, त्यांच्या सभा होतात, आणि देऊळ गळतंय की घंटा फुटलीय इथपासून कुणाच्या डुकरानं कुणाचं पीक खाल्लं इथपर्यंत सगळं तिथे लिहून ठेवतात. साहेबाची थोरली बहीण लग्न न करता तिथेच राहिलेली. तिनं चारशे वर्षांच्या वह्या बारीक, सरळ अक्षरात उतरवून काढल्या होत्या. बारसं, लग्न, दफन आणि पंचांच्या सभांची टिपणं. त्यावरून साहेब प्रकरणं लिहायचा आणि मी टाइप करायचे.

सगळं मिळून तीनशे माणसांचं गाव. मला ते हळूहळू तोंडपाठ झालं. ओढ्यावरचा दगडी पूल कुणी बांधला, चर्चच्या अंगणातलं काळं झाड किती जुनं, पाणचक्कीवाल्याच्या सात मुली कुठे कुठे दिल्या. एका हिवाळ्यात अकरा मुलं गेली होती. पानभर दफनंच दफनं, एकाच माणसाच्या अक्षरात, आणि शेवटचं मूल लिहिणाऱ्याचं स्वतःचं होतं. ते टाइप करताना मी थांबले होते. मला त्या गावाशी वैर करायचं होतं, पण त्या पानाशी करता आलं नाही.

साहेब मात्र त्या गावाचं बोलताना वेगळाच व्हायचा. डोळे पाणावायचे. एकदा त्यानं मला शिवेची गोष्ट सांगितली. दरवर्षी वसंतात सगळं गाव पाद्र्याबरोबर निघायचं, हातात विलो नावाच्या झाडाच्या छड्या घ्यायचं आणि शिवेचा एकेक दगड बडवत हद्द फिरून यायचं. पोरांची डोकी दगडावर हलकेच आपटायची, म्हणजे म्हातारपणीही शीव कुठे ते त्यांच्या लक्षात राहील.

"माणसाला आपली शीव ठाऊक पाहिजे," साहेब म्हणाला. "त्याशिवाय गाव टिकत नाही."

खालच्या रस्त्यावरून तेव्हाच मोर्चा चालला होता. मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे वरपर्यंत स्पष्ट ऐकू येत होतं. साहेबानं उठून खिडकी लावली.

"ही माणसं," तो म्हणाला, "कशासाठी मरताहेत तेच मला समजत नाही."

मी मान खाली घालून टाइप करत राहिले.

पुस्तकाचं सातवं प्रकरण त्याच्या खापरपणज्याचं. तो चर्चचा मुख्य पंच होता. चर्चच्या भिंतीवर त्याच्या नावाचा संगमरवरी फलक आहे, त्यावर कोरलंय, ‘गरिबांचा मित्र’. निवृत्तीनंतर साहेबालाही गावात तोच मान मिळायचा होता. चर्चच्या मोठ्या उत्सवात पुस्तक वाटायचं, आणि त्यानंतर होणाऱ्या निवडणुकीत पंच व्हायचं. हे तो मला आनंदानं सांगायचा.

त्या प्रकरणाची कागदपत्रं लावताना मला बहिणीच्या अक्षरातली दोन पानं सापडली. त्यांवर साहेबानं लाल पेन्सिलीनं आडवी रेघ मारून लिहिलं होतं, ‘गाळावं’. ती पानं एकदा बहिणीकडे जाऊन आली असणार, कारण रेघेशेजारी समासात तिनं बारीक प्रश्न टाकला होता, ‘का?’

मी ती दोन पानं खाली बसून वाचली.

त्या काळी तिकडे कायदा असा होता, की जो माणूस पॅरिशमध्ये सलग वर्षभर चाकरी करेल तो त्या पॅरिशचा झाला. पुढे त्याच्यावर वाईट दिवस आले तर त्याला पोसणं गावाचं काम. साहेबाच्या खापरपणज्याच्या गोठ्यात एक बाई दूधकामाला होती. नऊ वर्षं. पण दरवर्षी तिला एक्कावन्न आठवड्यांसाठीच ठेवायचे. बावन्नाव्या आठवड्यात काढायचे, मग पुन्हा घ्यायचे. म्हणजे नऊ वर्षं राबूनही ती त्या गावची झालीच नाही.

नवव्या वर्षी ती गरोदर राहिली. नवरा नव्हता. मूल गावात जन्मलं तर ते गावचं होणार, गावाला पोसावं लागणार. पंचांची सभा भरली. सभेत मुख्य पंचानं, म्हणजे गरिबांच्या मित्रानं, ठराव मांडला, की तिला ताबडतोब हद्दीबाहेर सोडावं. डिसेंबरचा महिना. तिला गाडीत घातलं आणि शिवेच्या दगडापलीकडे उतरवलं. ठरावाखाली सह्या आहेत. चार दिवसांनी शेजारच्या पॅरिशच्या दफनवहीत एक ओळ आहे: एक परकी बाई आणि तिचं मूल, शिवेलगत खंदकात सापडली. बहिणीनं शेजारच्या गावी जाऊन ती ओळही उतरवून आणली होती, आणि बाईचं नाव शोधून काढलं होतं.

सहा वर्षं बदली म्हणून गेटावर उभा राहणारा दादा मला आठवला. मुंबईत दीडशे वर्षांनी तेच चाललं होतं. फक्त आठवड्यांचा हिशेब वेगळा.

दुसऱ्या दिवशी मी सहज विचारल्यासारखं साहेबाला विचारलं, "सर, ही दोन पानं घ्यायची नाहीत?"

त्याचा चेहरा क्षणभर आक्रसला. मी इतके दिवस ज्याची वाट पाहत होते ते मला तिथे दिसलं.

"सर्वसाधारण वाचकाला त्यात रस वाटणार नाही," तो म्हणाला. "फाडून टाका."

मी ती फाडली नाहीत. घरी नेली, ट्रंकेत लग्नासाठी ठेवलेल्या साडीच्या घडीत ठेवली.

पुस्तक गिरगावातल्या एका छापखान्यात छापायचं ठरलं. छापखान्याचे मालक साठीचे, धोतर-कोट घालणारे. इंग्रजी काम स्वच्छ करायचे आणि मागच्या खोलीत चळवळीची पत्रकंही छापायचे. पहिली प्रुफं साहेबानं स्वतः तपासली. पण शेवटची आली तेव्हा तो सामानसुमान आवरण्यात आणि निरोपाच्या जेवणांत बुडालेला होता. "तुम्हीच बघा," तो मला म्हणाला. "माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे."

दुपारच्या सुट्टीत मी ती प्रुफं घेऊन छापखान्यात गेले. बरोबर दोन टाइप केलेली पानं नेली. त्यांत माझा एकही शब्द नव्हता. बहिणीनं उतरवलेलं होतं तसंच्या तसं, ठराव, सह्या आणि दफनाची ओळ. संगमरवरी फलकाच्या वर्णनानंतर लगेच ती घालायची खूण मी केली. शेवटच्या सूचीत त्या बाईचं नाव अक्षरक्रमानं बसवलं.

मालकांनी चष्मा कपाळावर सरकवून ती पानं सगळी वाचली. वाचायला वेळ घेतला.

"हे आधी नव्हतं," ते म्हणाले.

"साहेबांनी मागाहून घातलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दादाच्या पायाचं त्यांना ठाऊक होतं. चळवळीतल्या माणसांना जखमी झालेल्यांची नावं पाठ असायची.

"अक्षरं नीट तपासलीस ना?" त्यांनी विचारलं. "मग पुन्हा प्रुफ काढत नाही. तसंच छापतो."

पन्नास प्रती पाद्र्याच्या नावानं साहेबाच्या आधीच्या बोटीनं पाठवायच्या होत्या, उत्सवात वाटायला. त्या छापखान्यातून थेट गोदीत गेल्या. पार्सलावरचा पत्ता मी लिहिला. उरलेल्या प्रती साहेबाच्या सामानाबरोबर खोक्यांत गेल्या. निरोपसमारंभाच्या दिवशी त्याच्या हाती पहिली प्रत आली. त्यानं आतला चर्चचा फोटो पाहिला, बांधणीवरून हात फिरवला, आणि तिथल्या तिथे एका प्रतीवर सही करून मला दिली. वर लिहिलं, ‘तुमच्या अचूकपणाबद्दल, कृतज्ञतेने’.

मी म्हटलं, "थँक यू, सर."

तो बोटीत चढला त्या दिवशी मी दिवसभर मनातल्या मनात पानं उलटत होते. आज पहिलं प्रकरण वाचत असेल. आज दुसरं. बोटीवर माणसाला दुसरं काम काय? चोहोबाजूंना समुद्र, आणि खाली बोटीच्या पोटात खोकी भरून तेच पुस्तक.

पुढचं मला त्याच्या बहिणीच्या पत्रातून कळलं. तीन महिन्यांनी ते आलं, त्याच बारीक सरळ अक्षरात, मात्र कचेरीच्या नव्हे, चाळीच्या पत्त्यावर. पत्ता तिनं छापखान्याकडून मिळवला होता. तिनं लिहिलं होतं, की वाटेतल्या एडन बंदरातून भावाची तार आली, पुस्तकं वाटू नका. तार सोमवारी पोचली. पुस्तकं रविवारी वाटून झाली होती. त्या दूधकामाच्या बाईची बहीण त्याच गावात लग्न करून राहिली होती; तिचे वंशज अजून तिथे होते, दुधाचाच धंदा करत होते. आपल्या घरात अशी कुणी होती हे त्यांना ठाऊकच नव्हतं. साहेब गावी पोचला त्या आठवड्यात त्या घरातली म्हातारी पुस्तक हातात घेऊन सभेत उभी राहिली आणि त्याला म्हणाली, "हे तुम्ही छापलंत ते बरं केलंत. आता भिंतीवरचा तो फलक कधी काढता तेवढं सांगा."

‘हे मी छापलं नाही’ म्हणावं तर आपण ते लपवलं होतं हे त्याला कबूल करावं लागत होतं. त्यानं पंचाच्या निवडणुकीतून नाव काढून घेतलं. रविवारी चर्चला जाणं सोडलं. ‘तो रस्त्याच्या बाजूचे पडदे ओढून बसतो,’ बहिणीनं लिहिलं होतं. ‘तो म्हणतो, ती टायपिस्ट निष्काळजी होती. मी त्याला म्हटलं, मला तसं वाटत नाही.’

ते पत्र मी गॅलरीत उभी राहून दोनदा वाचलं. इतका आनंद मला आयुष्यात फार थोड्या वेळा झालाय.

पण निष्काळजी हा शब्द मला टोचला. म्हणजे त्याला कळलंच नव्हतं. त्याला ती छपाईची चूक वाटत होती. मग मी कचेरीत, त्याच मशीनवर, त्याला एक पत्र टाइप केलं. ती चूक नव्हती, माझ्या भावाचा पाय गेला आणि तुम्ही त्याची भाकरी काढून घेतलीत, ती पानं मी त्याच्यासाठी छापली, एवढंच. खाली पूर्ण नावानं सही केली. उत्तर आलं नाही. नव्या साहेबाकडे मात्र त्याची तक्रार आली. नवा साहेब आपल्याकडचाच होता. त्यानं मला बोलावून विचारलं, "जे छापलं ते खोटं होतं का?" मी नाही म्हटलं. त्यानं मला काढलं नाही, पण टायपिंगवरून उचलून आवक-जावक खात्यात बसवलं. लग्न होईपर्यंत मी तिथे पाकिटांवर शिक्के मारले.

दादा तोपर्यंत चाळीच्या जिन्याखाली बसून स्टोव्ह दुरुस्त करू लागला होता. कुबड्या भिंतीला टेकवलेल्या असायच्या. मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तो हसेल, पाठ थोपटेल. त्यानं स्टोव्हच्या बर्नरमधून सुई फिरवत सगळं ऐकून घेतलं.

"तेका लाज वाटली, बरा झाला," तो म्हणाला. "पण बाय, तू ह्या माझ्यासाठी केलंस म्हणू नको. माका काय मेळाला? माझो राग त्या गोळीवाल्यावर आसा, आणि तेचा तर माका तोंडय ठाऊक नाय."

मला ते लागलं. त्याचं खरं होतं. मी केलं ते माझ्यासाठी केलं होतं. ते पत्र माझ्या बोटांनी टाइप केलं होतं, त्याच्या नव्हे.

आईला वाचता येत नव्हतं. तिला मी ती दोन पानं मालवणीत सांगितली. साहेबाचं पुढे काय झालं ह्यात तिला काडीचा रस नव्हता. तिनं विचारलं, "त्या बायेक पान कोणी वाढल्यान?"

"आई, ते लोक पान वाढत नाहीत."

"तरी पण. पोटुशी होती ना ती?"

त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला आईनं वडिलांचं पान वाढलं, आजा-आजीचं वाढलं, आणि शेवटी एका लहान केळीच्या पानावर भात, वडा, खीर आणि वाटीभर दूध वेगळं काढलं. "ती दुधातली होती," म्हणाली. ते पान तिनं गॅलरीच्या कठड्यापलीकडे पत्र्यावर ठेवलं आणि आम्हां दोघांना हात जोडायला लावलं. दादा एका पायावर कठड्याला धरून उभा राहिला.

"आता तूय राग सोड गो," आई मला म्हणाली. "झाला ना तुझ्या मनासारखा."

मी हात जोडले. पत्र्यावर कावळा आला, त्यानं वडा उचलला. मला मात्र त्या बाईची आठवण येत नव्हती. त्या दूरच्या गावात, ओढलेल्या पडद्यांमागे बसलेला तो माणूस मला दिसत होता, आणि त्यानं आणखी पुष्कळ वर्षं जगावं, तसंच बसून जगावं, एवढंच मी मागत होते.